न खेळणाऱ्या मुलाची नोंद

यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीत वादविवाद स्पर्धा झाली. मारामारीच्या व्हिडिओ गेममुळे मुलं हिंसक होतात का, असा विषय होता. सातवी ते दहावीची मुलं भाषणं पाठ करून आली होती. 'होतात' म्हणणारी बाजू जिंकली. बक्षीस वाटून झाल्यावर शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अगं, तू तर त्या दुकानातच होतीस. तू बोलायला हवं होतंस."

मी हसले आणि रिकाम्या प्लेट्स गोळा करायला लागले. चारचौघांत बोलणं मला जमत नाही. म्हणून या दिवाळी अंकासाठी लिहिणार का, असं कोणी विचारलं तेव्हा हो म्हटलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलले, लिहिलं मात्र कमी. पण जे सांगायचं आहे ते इंग्रजीत मी एकदा लिहून बसले आहे आणि ते खोटं होतं.

बी.कॉम. झाल्यावर मी चार-पाच ठिकाणी मुलाखती दिल्या. टायपिंग चांगलं होतं, बोलणं अडायचं. समोरच्या माणसाने नाव विचारलं तरी मी अर्जाचा कागद पुढे करायचे. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर दळवीकाका राहायचे. पंचवीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून काढून ते वाशीला येऊन राहिले होते. सेक्टरच्या मार्केटमध्ये त्यांनी एक गाळा घेतला आणि गोदीतून जुनी व्हिडिओ गेमची यंत्रं आणून लावली. त्यांना काउंटरवर बसायला कोणी तरी हवं होतं. ते बाबांना म्हणाले, "तुमची पोरगी बोलत नाही, तेच बरं. बोलणारी मुलगी ठेवली तर पोरं तिच्याशीच बोलत बसतील."

अशी मी त्या धंद्यात गेले. तिथे दोन वर्षं होते.

ज्यांनी ती यंत्रं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, त्यात टीव्हीची काच, खाली एक दांडा आणि दोन-तीन बटणं. काउंटरवरून पितळेचं टोकन घ्यायचं, फटीत टाकायचं, की खेळ सुरू. आमच्याकडे सहा कपाटं होती. मुलांनी त्यांना आपली नावं ठेवली होती: विमानवाली, गाडीवाली, कराटेवाली. आतला सर्किट बोर्ड बदलला की त्याच कपाटात दुसरा खेळ येतो, हे मुलांना माहीत नव्हतं. बोर्ड बदलला की त्यांना वाटायचं नवं मशीन आलं. पावसाळ्यात बोर्डांना दमट हवा लागून पडद्यावर मुंग्या यायच्या. मग दळवीकाका कपाटाच्या पोटात साठ वॉटचा बल्ब पेटवून ठेवायचे. सकाळी दुकान उघडलं की सहा कपाटांच्या फटींतून पिवळा उजेड बाहेर येत असायचा. मला ती वेळ आवडायची.

गोळी झाडायचं बटण सगळ्यात आधी झिजतं. महिन्या-दीड महिन्याने ते बदलावंच लागायचं. दांडा वर्षभर टिकायचा. यावरून कोणाला काही निष्कर्ष काढायचा असेल तर काढावा. मला काढता आला नाही. कारण ते बटण सगळ्यात जास्त कोण झिजवायचं, तर जवळच्या बँकेतले एक अधिकारी. जेवणाच्या सुट्टीत यायचे, टाय खांद्यावर टाकायचे आणि वीस मिनिटं विमानवालीवर शत्रूची विमानं पाडायचे. घामाघूम व्हायचे. मग रुमालाने आधी बटण पुसायचे, नंतर कपाळ, आणि मला "थँक यू, मॅडम" म्हणून निघून जायचे. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून बाजूने चालणारा माणूस.

मुलांची भांडणं व्हायची, पण ती नंबरावरून. "दीदी, माझा नंबर होता! हा घुसला मध्ये!" "ए, तू टोकन कुठे घेतलं होतंस? उगाच फेकू नको." मशीनने टोकन गिळलं तर लाथ बसायची ती कपाटाला. खेळून बाहेर पडलेली मुलं बहुतेक गप्प असायची, डोळे चोळत, उन्हात नुकती उठून आल्यासारखी. मी रोज पाहत होते. कोणी विचारलं असतं तर तेव्हा म्हटलं असतं, छे, काही होत नाही.

मग आसपासच्या पालकांनी चौकीवर तक्रार केली की मुलं शाळा बुडवून इथे येतात. तिथल्या साहेबांनी दळवीकाकांना तोंडी समज दिली. काकांनी त्याच दिवशी लाल कापडी पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर आणलं. तारीख, नाव, वय, शाळा, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.

"जो आत पाऊल टाकेल त्याचं नाव," ते म्हणाले.

"नुसता बघायला आला तर?"

"काय गो पोरी, जहाजावर चढला त्याचं नाव लॉगबुकात जातं. तो कशाला चढला ते कॅप्टन विचारत नाही. उद्या कोणी बोट दाखवलं तर आपल्याकडे कागद पाहिजे."

म्हणून मी सगळ्यांची नावं लिहायला लागले. अक्षर माझं चांगलं आहे. 'खेळला' किंवा 'नुसता आला' असा रकाना त्या रजिस्टरात नव्हता. तो मी स्वतः आखू शकले असते. सहा रकाने होते, सातव्याला जागाही होती.

हरेश भोईर. वय पंधरा. हे नाव त्या रजिस्टरात जवळजवळ रोज आहे. आला सव्वापाच, गेला सहा-चाळीस.

तो तळवली गावातला. वाशीच्या शाळेत नववीत होता. शाळा सुटल्यावर गावाकडे जाणारी त्याची बस पावणेसातला यायची, तोवर तो आमच्याकडे उभा राहायचा. पंख्याखाली, भिंतीला टेकून, दप्तर छातीशी. खिशात बसच्या तिकिटापुरतेच पैसे असायचे. त्या सगळ्या काळात त्याने माझ्याकडून एकदाही टोकन घेतलं नाही. खेळणाऱ्याच्या खांद्यावरून तो पडद्याकडे बघायचा आणि ओठ हलवायचा, जणू पुढे काय येणार ते त्याला पाठ होतं. पाठ होतंच. कराटेवालीवर तिसऱ्या फेरीत दाराआडून दुसरा माणूस येतो, हे तो खेळणाऱ्याला आधी सांगायचा.

"ए गप ना! सांगू नको!" निखिल ओरडायचा.

निखिल आमच्याच सोसायटीतला, समोरच्या विंगमधला. हसरा मुलगा. वाढदिवसाला आठवणीने मला चॉकलेट आणून द्यायचा. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे येतं त्यात तो वाईट वाटेल आणि तो वाईट नव्हता.

कराटेवाली म्हणजे दोन माणसांची मारामारी. एक आपण चालवायचा, दुसरा यंत्र चालवतं. मुलं त्या दुसऱ्याला 'कॉम्प्युटर' म्हणायची. कॉम्प्युटर मार खायलाच असतो. तो पडतो, उठतो, परत उभा राहतो. टोकनं संपली की निखिल आणि त्याचे तीन-चार मित्र दुकानाबाहेर जायचे. समोर मोकळा प्लॉट होता, बांधकामाच्या विटा आणि रेती टाकलेली. तिथे ते पडद्यावरच्या लाथा एकमेकांवर करून बघायचे. पण कॉम्प्युटर व्हायला कोणी तयार नसायचं.

"आज कॉम्प्युटर कोण?"

"हरेश! ए हरेश, ये ना. तुझी बस यायला टाइम आहे अजून."

दळवीकाकांनी दुकानाच्या काचेच्या दाराला काळा कागद चिकटवला होता, आत अंधार हवा म्हणून. तो खाली वीतभर अपुरा पडला होता. मी उंच स्टुलावर बसायचे, तिथून मला त्या फटीतून प्लॉटवरचे पाय दिसायचे. गुडघ्याच्या वर काही दिसायचं नाही. पांढरे कॅनव्हासचे बूट म्हणजे निखिल. निळ्या पट्ट्यांच्या स्लिपर म्हणजे हरेश. पांढरा बूट फटीच्या वर नाहीसा व्हायचा आणि निळ्या स्लिपर मागे सरकायच्या. कधी एक स्लिपर सुटून पडायची. मग हसण्याचा आवाज. हरेशचाही असायचा.

हे एक-दोन दिवस नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर पाच-सहा आठवडे चाललं. पहिल्यांदा लाथा नुसत्या हवेत होत्या. नंतर त्या लागायला लागल्या. मला ते पायांवरून कळत होतं. एकदा हरेश आत आला तेव्हा शर्टावर, पोटाच्या जागी, बुटाच्या तळव्याचा मातीचा छाप होता. मी विचारलं, "लागलं का रे?"

"नाय दीदी. गंमत करतात ते."

"तू नको जाऊस बाहेर. इथेच थांब."

"नाय गेलो तं बोलतात, गावातला घाबरला."

त्याचं नाव लिहायला मी मान खाली घातली. दळवीकाकांना सांगितलं नाही. निखिलच्या आई जिन्यात भेटायच्या, त्यांना सांगितलं नाही. मुलंच ती, असं मनात म्हटलं. खरं म्हणजे मला कोणाशी तोंड उघडायचं नव्हतं.

डिसेंबरातला शुक्रवार होता, सहा वाजत आले होते. फटीतून पांढरे बूट दिसले, निळ्या स्लिपर दिसल्या. लाथ बसली. स्लिपर वाकड्या झाल्या आणि त्यांच्या शेजारी हरेशचे दोन्ही हात जमिनीवर टेकलेले दिसले, मग गुडघे. कोणी तरी ओरडलं, "ऊठ, कॉम्प्युटर! ऊठ, अजून एक लाइफ आहे तुझी!" एक हात विटेच्या ढिगाकडे गेला. हात वर गेला, फटीच्या वर. मग पांढरे बूट आडवे झाले.

निखिलच्या डाव्या कानामागे वीट बसली होती. तो वाचला. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होता. त्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही.

हरेश पळाला नाही. तो आत आला, नेहमीच्या जागी भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "दीदी, माझी वेळ लिवा." पोलीस येईपर्यंत तो तिथेच होता. मी वेळ लिहिली. सहा वाजून पाच मिनिटं.

दोन दिवसांनी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, "हे मशीन म्हणजे विष आहे. मुलगा रोज तिथे मारामारी शिकायचा, दुसरं काय होणार?" मागून कोणी तरी म्हणालं, "आणि त्यात गावातली पोरं." त्यावर कोणी काही बोललं नाही. दळवीकाका उठले, म्हणाले, "बंद करतो," आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः शटर खाली ओढलं. बोर्ड काढून वर्तमानपत्रात गुंडाळताना मला म्हणाले, "पोरी, वादळ असलं की जहाजावर आधी वायरमनला शिव्या पडतात." रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे सांभाळ. कागद आहे तो."

हरेशच्या शाळेचे मुख्याध्यापक, मोहिते सर, त्या आठवड्यात आमच्या घरी आले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, भला माणूस. हरेश रिमांड होममध्ये होता. केस बालन्यायालयात चालणार होती.

"मुलगा गुन्हेगार नाही," सर म्हणाले. "आजवर एक तक्रार नाही त्याची. पण वीट मारली हे खरं आहे, ते नाकारता येत नाही. मग का मारली? एकच उत्तर कोर्टाला पटेल. त्या खेळाने त्याचं डोकं फिरवलं. दोष यंत्रावर गेला की मुलावरचा कमी होतो. तुमच्याकडे रजिस्टर आहे ना?"

मी आणून दाखवलं. सर बोट फिरवत गेले. हरेश भोईर, हरेश भोईर, हरेश भोईर.

"रोज?" ते म्हणाले. "रोज दीड तास? बघा, हेच पाहिजे."

"सर, तो..." मी म्हटलं.

"हां?"

तो खेळत नव्हता, हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. पण लगेच दुसरं वाक्य लागलं असतं. खेळत नव्हता तर मग वीट का मारली? आणि मग तिसरं, तुम्ही किती दिवस बघत होतात? बाबा दारात उभे होते. सर यायच्या आधीच त्यांनी मला बजावलं होतं, "निखिलचे वडील रोज समोर दिसतात. आपल्याला इथेच राहायचंय. विचारलं तेवढंच सांग."

आणि सरांचं म्हणणं मला पटलंही. हे मी मान्य करते. निखिलवर काही न येता हरेश सुटणार होता. माझ्यावरही काही येणार नव्हतं. सगळा भार एका लाकडी कपाटावर जाणार होता आणि कपाटाला काय, ते तर बंदच पडलं होतं.

मी जबानीचा मसुदा इंग्रजीत लिहिला. सर म्हणाले, इंग्रजीत वजन येतं. छान लिहिला. शाळेत निबंधाला मला नेहमी चांगले मार्क पडायचे. मुलगा स्वभावाने शांत असून रोज दीड तास हिंसक खेळाच्या संपर्कात होता आणि त्याचा त्याच्या कोवळ्या मनावर परिणाम झाला, अशा अर्थाचं. 'खेळत होता' असंही एका ठिकाणी लिहिलं. तो शब्द टाइप करताना हात अडला नाही.

दुसऱ्या दिवशी सर हरेशच्या आईला घेऊन आले. काष्टा नेसलेल्या, बारीक अंगाच्या, दाराशीच चपला काढून बसलेल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. टेबलावरचा कागद त्यांनी उलटासुलटा बघितला.

"बाय, यात काय लिवलास?"

"हरेश चांगला मुलगा आहे असं लिहिलंय. त्या मशीनमुळे असं झालं, त्याच्या मनात नव्हतं."

"मशीन? पन त्यो खेलत कवा होता?" त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. "त्याचेकडं बसचं पैसं असायचं, तेवढंच. खेलला असता तं चालत घरी आला असता. कवा चालत नाय आला."

सर म्हणाले, "आई, खेळत होता असं म्हटलं तरच सुटेल हो तो."

"सर, तुमी थांबा. बायला बोलू द्या." आणि मला, "तू शिकलेली हायस. खेलत होता बोल्लं तं माझा पोर सुटंल?"

सगळ्या खोलीत ती एकटीच खरं बोलत होती आणि ती माझी परवानगी मागत होती.

"सुटेल," मी म्हटलं.

"मंग र्‍हाऊ दे तसाच. त्यालापन सांगीन मी, बायनं लिवलंय तसाच बोल म्हनून."

बालन्यायालयात काय बघतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सरांनाही नीटसं नव्हतं. मोठ्यांच्या कोर्टात जसं 'का केलं' याला महत्त्व असतं, तसं असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तिथे मुख्य प्रश्न वेगळा होता. मुलाला घरी सोडलं तर आईवडील त्याला ताब्यात ठेवू शकतील का? माझी जबानी आणि लाल रजिस्टर, दोन्ही त्या प्रश्नावर नेऊन ठेवली गेली. मुलगा महिनोन्महिने रोज दीड तास मारामारीच्या खेळात घालवतो आणि घरात कोणाला पत्ता नाही. पैसे कुठून आणतो, विचारलं नाही. म्हणजे घरचा धाक नाही, सवय जुनी आहे, संगत वाईट आहे. हरेशला विचारलं, खेळायचास का? तो म्हणाला, हो. पैसे कुठून? यावर तो गप्प राहिला, कारण आईने तेवढं शिकवलं नव्हतं. त्या गप्प राहण्याचा अर्थ चोरी असा लागला.

अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला संस्थेत ठेवायचं ठरलं.

मोहिते सर बाहेर बाकावर बसले होते. मला म्हणाले, "चुकलं आपलं." दोनदा म्हणाले. हरेशच्या आईने हातातल्या पिशवीत त्याचे घरचे कपडे आणले होते, त्याला घालून न्यायला. त्यांच्या त्या परत घड्या घालत होत्या.

मी महिनाभर घराबाहेर फारशी पडले नाही. मग एक दिवस सगळं खरं लिहून काढलं, यावेळी कोणालाही न विचारता. पायांपासून सुरुवात केली. पांढरे बूट, निळ्या स्लिपर, पाच-सहा आठवडे, मी बघत होते. ते घेऊन हरेशच्या केसच्या प्रोबेशन ऑफिसरकडे गेले. मुलांच्या घरची चौकशी करून अहवाल देण्याचं त्यांचं काम. दमलेल्या बाई होत्या, टेबलावर फाइलींचा डोंगर. त्यांनी माझा कागद शेवटपर्यंत वाचला. पुष्कळ लोक वाचत नाहीत.

"मग आधीचं खोटं, की हे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"आधीचं."

"तेव्हा का लिहिलंत?"

"त्याने तो सुटेल असं वाटलं."

"आणि आता हे लिहिलंत, तेसुद्धा त्याने तो सुटेल असं वाटून." त्यांनी चष्मा काढला. "मी हे पुढे पाठवते. पण पहिलं विचारतील ते हेच. शिवाय मुलाने स्वतः कबूल केलंय. तुमच्या पहिल्या कागदाला त्याचा दुजोरा आहे. या कागदाला कोणाचा आहे? निखिल देईल?"

निखिल देणार नव्हता. मी विचारायला गेलेही होते. त्याच्या आईने दार उघडलं, मला बघून पाणी विचारलं. निखिल आतून आला आणि माझा आवाज कुठून येतोय ते कळायला त्याने उजवा कान पुढे केला. मी बी.कॉम.च्या जुन्या पुस्तकांबद्दल काही तरी बोलले आणि परत आले.

दुसऱ्या जबानीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. उत्तर आलं नाही.

लोक विचारतात तो प्रश्न मात्र मला चुकत नाही. त्या खेळांमुळे होतं का? दोन वर्षं तिथे बसले होते, मला माहीत असायला हवं. मला एवढंच दिसलं की लाथ कशी उचलायची ते पोरं पडद्यावरून शिकली. ती कोणावर उचलायची, कोण पडला तर कोणी विचारणार नाही, हे ती आमच्याकडे बघून शिकली, आमच्या जिन्यांत, आमच्या मीटिंगांमध्ये. यात यंत्राचा वाटा किती आणि आमचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. आणि वीट मारणारा मुलगा कुठल्याच यंत्राला हातही न लावलेला एकमेव मुलगा होता. स्पर्धेतल्या दोन्ही बाजूंना याचा उपयोग नाही.

गेल्या मे महिन्यात हरेशच्या आईबरोबर मी त्याला भेटायला गेले. त्यांनीच निरोप पाठवला होता, "त्यो तुला बोलवतंय." माझ्यावर राग काढायला बोलवत असेल, असं मला वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं.

संस्थेच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली बाक होते. हरेश उंच झाला होता, आवाज फुटला होता, केस बारीक कापलेले. आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. त्याने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे वळला.

"दीदी, कराटेवालीचं विचारायचं होतं."

"काय?"

त्याने आवाज खाली आणला. "इकडं सगल्यांना माहीत हाय, मी गेमवाला म्हनून. कागदावर हाय ना. मोठी पोरं पन मना मानतात. कोन हात नाय लावत. पन विचारतात. दांडा कंच्या हातात, उडी कशी मारायची, लाथंला कंचं बटण. पडद्यावरचा सगला ठाव हाय मना. हात काय करायचं ते नाय ठाव. मी मागं उभा असायचा ना. एकाला संशय आलाय."

त्याची आई भाकरीचा तुकडा हातात धरून आमच्याकडे बघत होती.

मी इकडेतिकडे पाहिलं. मग बाकाच्या कडेवर त्याचा डावा हात ठेवला, मुठीसारखा. "हा दांडा," मी म्हटलं. "वर केला की उडी, खाली केला की वाकतो." उजव्या हाताची बोटं एकेक करून फळीवर ठेवली. "हे पहिलं, बुक्का. हे मधलं, लाथ. दोन्ही एकदम दाबलं की गिरकी."

"आनि दाराआडशी दुसरा येतो तवा?"

"दांडा मागे ओढायचा आणि मधलं बटण. थांबायचं नाही."

त्याने फळीवर करून बघितलं. चुकलं. परत केलं. ओठ हलत होते. भेटीची वेळ संपायला दहा मिनिटं होती आणि हात हळू पडत होते, म्हणून मी त्याला म्हटलं, "घाई कर. अजून एकदा, पहिल्यापासून."